बाटलीतल्या पेशी आणि औषधाची पारख
(शताब्दीनिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



कर्करोगाचे निदान झाले की गोंदियामार्गे नागपूर, नाहीतर थेट मुंबई, ही वाट बालाघाटातील अनेक घरांना ठाऊक आहे. त्या वाटेच्या टोकाला मिळणारे औषध रोग्याला देण्यापूर्वी कशावर पारखले जाते, एवढाच आजचा विषय.

पहिली पारख बहुधा माणसाच्याच गाठीतील पेशींवर होते. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचे बारीक तुकडे करून पेशी सुट्या करतात आणि पोषक द्रवात ३७ अंश सेल्सिअसला जपतात. पुष्कळशा मरतात, काही मात्र वाढतच राहतात. मग औषधाच्या निरनिराळ्या मात्रा घालून किती पेशी तगल्या, ते मोजतात.

आपल्याकडे ही विद्या रुजविण्याचे मोठे श्रेय डॉ. कमल रणदिवे यांचे. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या या विदुषी बाल्टिमोरला डॉ. जॉर्ज गाय यांच्याकडे हे तंत्र शिकल्या आणि मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली.

गाय यांच्याच प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतील पेशी वाढल्या. बाई त्याच वर्षी वारल्या. पेशी ‘हेला’ या नावाने जगभर गेल्या, पोलिओ लशीच्या चाचणीतही वापरल्या गेल्या. संमती मात्र कोणी विचारली नव्हती. एका कंपनीने वारसांशी तडजोड केली, ती २०२३ साली! आपण देणगीच्या पुस्तकावरही दात्याचे नाव लिहितो, म्हणून मला हे अधिक खटकते.

पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र तर पेशींचे ग्रंथालयच आहे. द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांच्या आसपास, पेशी गोठवून ठेवतात व संशोधकांना पुरवितात. चुकीच्या कपाटात गेलेल्या पुस्तकाचा त्रास ग्रंथपाल जाणतात. येथे चुकीची चिठ्ठी फार महाग पडते. निरनिराळ्या अवयवांच्या म्हणून वापरात असलेल्या अठरा पेशीवाणांत प्रत्यक्षात हेलाच शिरल्या असाव्यात, हे स्टॅन्ली गार्टलर यांनी १९६६ साली दाखविले. तोवर त्यांवर किती प्रयोग होऊन गेले होते!

शिवाय बाटलीत यकृत नाही, रक्तवाहिन्या नाहीत, रोगप्रतिकारही नाही. तेथे पेशी मारणारे औषध शरीरात निष्प्रभ ठरू शकते. म्हणून रोग्याच्या पेशींचे त्रिमिती गोळे वाढवून पाहण्याचे प्रयत्न चालू आहेत. ‘कर्करोगावर औषध सापडले’ असे कात्रण घेऊन कोणी आशेने आपल्याकडे आले, तर ते त्याच्यासोबत शेवटपर्यंत वाचावे आणि प्रयोग बाटलीत झाला की रोग्यांवर, ती ओळ शोधून दाखवावी.