शरीरांतील मेदाचें मोजमाप

अलीकडे शहरांतील पुष्कळ घरीं एक नवा वजनकांटा आला आहे. त्यावर अनवाणी उभें राहिलें कीं, वजनाबरोबर शरीरांत मेद शेंकडा किती, हाही आंकडा उमटतो. तो पाहून कोणी निर्धास्त होतो, तर कोणी जेवण तोडतो. म्हणून त्यावर कितपत विश्वास ठेवावा, हें पाहणें अगत्याचें आहे.

वास्तविक हें यंत्र मेद मोजीतच नाहीं. तें तळव्यांवाटे अतिक्षीण वीजप्रवाह शरीरांत सोडतें व त्यास होणारा अवरोध मोजतें. स्नायूंत पाणी व क्षार विपुल, म्हणून वीज त्यांतून सहज वाहते. मेदांत पाणी अल्प, म्हणून तेथें ती अडते. अवरोध व उंची यांवरून पाण्याचा अदमास. मेदरहित शरीरांत पाणी शेंकडा सुमारें ७३, या गृहीतावरून त्या भागाचें वजन. आणि तें एकंदर वजनांतून वजा करून मेद, अशी ही तर्काची उतरंड आहे. खालचें मडकें हललें कीं वरचीं ढळणारच. पाण्याच्या अदमासांत एका लिटरची चूक झाली, तर मेदरहित भागांत सुमारें १.४ किलोची होते, आणि ६० किलो वजनाच्या माणसाच्या मेदाचा आंकडा शेंकडा दोहोंहून अधिक चुकतो. अशी चूक होण्यास व्यायाम, घाम किंवा पायांवरील सूज पुरते. शिवाय प्रवाह एका पायानें चढून दुसऱ्यानें उतरत असल्यामुळें पोटावरील मेदाची त्यास नीट वार्ताच लागत नाहीं.

दुसरी अडचण सूत्राची. तें ज्या लोकांच्या मापांवरून बसविलेलें असतें, त्यांहून निराळ्या बांध्याच्या माणसास लागू पडेलच असें नाहीं. २००४ सालीं पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत स्वतःचींच मापें प्रसिद्ध केलीं. उंचीच्या मानानें वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, परंतु क्ष-किरणांच्या साह्यानें मोजलेला मेद युडकिन यांचा शेंकडा ९.१, तर याज्ञिक यांचा २१.२ भरला!

मग कांटा टाकून द्यावा काय? तसें करण्याचें कारण नाहीं. एकाच कांट्यावर, सकाळीं, कांहीं खाण्यापिण्यापूर्वीं, आठवड्यांतून एकदां माप घ्यावें आणि दोनतीन महिन्यांचा कल पाहावा. हृदयाची गति राखणारें विजेचें यंत्र बसविलेल्यांनीं मात्र त्यावर उभें राहूं नये. कंबरेचा घेर मोजण्यास साधी फीतही पुरते. देह कृश दिसतो व कांटाही अनुकूल बोलतो, एवढ्यावरून रक्तांतील साखरेची तपासणी कोणीं टाळली, तर तो आंकडा त्यास फार महाग पडेल.