शहराचे अन्न आणि शहराचा आराखडा

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या विद्यार्थी-वसतिगृहाच्या गच्चीवर भाजीपाला लावावा, अशी सूचना कार्यकारिणीपुढे आली असून तिच्यावर चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली आहे. सूचना स्तुत्यच आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी तेथल्याच ओल्या कचऱ्यावर भाज्या व फळझाडे वाढवून दाखविली. आपल्या मुलांनाही ते साधेल. गच्ची गळणार नाही एवढी दक्षता मात्र चिटणीसांनी घ्यावी!

परंतु गच्चीवरच्या मेथीने शहराचे पोट भरत नाही. २०२० च्या मे महिन्यात साथीमुळे वाशीचा घाऊक बाजार काही दिवस बंद ठेवावा लागला, तेव्हा मुंबईचे अन्न किती थोड्या वाटांनी येते हे घरोघर कळून आले. शहर आखणारे लोक रस्ते, नळ आणि गटारे यांचा विचार करतात. अन्नाचा विचार मंडईच्या जागेपलीकडे क्वचितच जातो. २०१५ साली केंद्र सरकारने शंभर शहरांसाठी ‘स्मार्ट सिटी’ योजना आरंभली व मार्च २०२५ मध्ये ती संपली. तिच्यात कॅमेरे आले, नियंत्रणकक्ष आले. भाजीच्या मळ्याला मात्र त्या शहाणपणात फारसे स्थान लाभले नाही.

शहर आपल्या कडेची शेती कशी राखू शकते, याचे उदाहरण कोलकात्यास आहे. त्या शहराच्या पूर्वेस सुमारे १२,५०० हेक्टरांचा पाणथळ प्रदेश पसरला आहे. विद्याधरी नदी गाळाने मृतप्राय झाली, शहराचे सांडपाणी तिकडे वळले, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील मत्स्यपालकांनी त्याच पाण्यावर मासे वाढविण्याची विद्या साधली. उथळ तळ्यांत – तिकडे त्यांस ‘भेडी’ म्हणतात – सांडपाणी बेताबेताने सोडावयाचे. जिवाणू मैल्याचे विघटन करतात. उन्हाच्या योगे सूक्ष्म शेवाळ वाढते व ते पाण्यास प्राणवायू पुरविते. आणि रोहू, कटला, मृगळ हे मासे त्या सूक्ष्म जीवांवर पोसतात. निवळलेले पाणी पुढे भातखाचरांस जाते. शेजारी धापा येथे शहराच्या कचऱ्यावर भाज्या पिकतात. शहर जे बाहेर टाकते, तेच अन्न होऊन त्याच्या बाजारात परत येते, आणि पाणी शुद्ध करण्याचा खर्चही वाचतो. कारखान्यांचे व चर्मालयांचे पाणी यात मिसळले की मात्र अन्नात विष उतरू लागते; तो धोका तेथे आहेच, आणि लोहमार्गालगत नाल्याच्या पाण्यावर पिकलेली भाजी घेताना आपणही तो ध्यानात ठेवावा.

१९६० च्या दशकात याच पाणथळीचा एक मोठा भाग भरून सॉल्ट लेक उपनगर वसविण्यात आले. उरलेल्या भागाचे मोल सरकारदरबारी पटविण्यात ध्रुवज्योती घोष या अभियंत्याचा वाटा मोठा. तळ्याकाठच्या माणसांकडून ते ही विद्या शिकले, आणि त्यांनी तिचे नकाशे केले. १९९२ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने तेथील जमिनीचा वापर बदलण्यास मनाई केली. २००२ मध्ये रामसर करारान्वये तिची नोंद झाली. २००६ मध्ये राज्याने स्वतंत्र कायदा केला. तरीही चोरून भराव टाकल्याच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत.

आता आपल्या घराकडे वळू. २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत २३ गावे समाविष्ट झाली. शहरांनी गिळलेल्या अशा गावांत आपल्या ज्ञातीतील अनेक कुटुंबांचे मळे आहेत. प्लॉट पाडून विकणाऱ्यांस मी दोष देणार नाही. पालकाच्या जुड्यांवर मुलीचे वैद्यकीय शिक्षण होत नाही, हे मी जन्मभर शिक्षक असून जाणतो. परंतु ज्यांना जमीन कसावयाची आहे, त्यांचाही ओढा शेजारच्या भरावाने बुजतो आणि शेतात जाण्यास वाट उरत नाही.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर ठरावीक मुदतीत नागरिकांस लेखी हरकती व सूचना देता येतात. आपल्याला आराखडा आठवतो तो दारावरून रस्त्याची खूण गेल्यावर! तोवर मुदत टळलेली असते. म्हणून गच्चीच्या बागेसाठी जी समिती नेमाल, तिच्याकडेच हेही काम सोपवावे, अशी माझी विनंती आहे. ज्यांना शेती राखावयाची आहे, त्यांचे गट क्रमांक, विहिरी व ओढे यांची यादी करावी. ज्ञातीतील निवृत्त भूमापक व अभियंते यांना नकाशे वाचण्यास बोलवावे. आणि मसुदा निघेल त्या आठवड्यात अर्ज दाखल करावेत. यादी लिहून काढण्याचे काम माझ्याकडे द्यावे. अक्षर अजून वळणदार आहे.