समाजमनाचा अभ्यास आणि एक अर्ज
(ज्ञातिसंस्थेच्या कोरेगाव येथील वार्षिक संमेलनातील भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. ती शिरोधार्य मानून मी आज एका अर्जाविषयी बोलणार आहे. गतवर्षी आपल्या एका कन्येने सामाजिक मानसशास्त्राच्या उच्च अभ्यासासाठी शिष्यवृत्ती मागितली होती. ‘वेड्यांचा अभ्यास करून मुलगी काय मिळवणार?’ असे समितीत कोणी म्हणाले. आम्ही हसलो आणि अर्ज बाजूस ठेवला. हसणाऱ्यांत मीही होतो.

पुढे कुतूहलाने या विषयावरील थोडेफार वाचले आणि खजील झालो. हे शास्त्र वेड्यांचे नव्हे, शहाण्यांचे आहे. प्रपंचात दक्ष, देवभीरू माणसे परक्या समूहाशी अशी का वागतात, याचा ते शोध घेते.

उदाहरणासाठी दूर जावयास नको. १९०१ साली साताऱ्याहून निघालेली चार मुले मसूर स्टेशनावर उतरली. तो लोहमार्ग आपल्या कोरेगावावरूनच जातो. खटाव तालुक्यातील गोरेगावी (नावाच्या साम्यामुळे पुष्कळांची कोरेगावाशी गल्लत होते) त्यांचे वडील दुष्काळी कामावर रोखपाल होते. मुलांचा नीटनेटका पोशाख पाहून स्टेशनमास्तरांनी आपुलकीने चौकशी केली. ‘आम्ही महार’ हे उत्तर ऐकताच त्यांची मुद्रा पालटली व ते निघून गेले. मुले तीच, कपडे तेच; मध्ये आला तो एक शब्द. गाडीवान तर भाडे बुडाले तरी चालेल, पण नेणार नाही, म्हणू लागले. अखेर एकाशी ठरले ते असे : भाडे दुप्पट द्यावयाचे, बैल मुलांनीच हाकावयाचे आणि गाडीवानाने पायी चालावयाचे. त्या मुलांतील एक भीमराव आंबेडकर. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत त्यांनी हा प्रवास सांगितला आहे.

माणूस तोटा सोसूनही भेद का राखतो? १९७० च्या सुमारास हेन्री ताजफेल यांनी ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांचे नाममात्र गट पाडले. कागदावरील ठिपक्यांचा अंदाज हे त्यासाठी एक निमित्त. मुलांना इतरांमध्ये पैसे वाटावयास सांगितले. त्यात त्यांचा स्वतःचा लाभ काहीच नव्हता. तरी त्यांनी स्वगटास झुकते माप दिले. इतकेच नव्हे, स्वगटास थोडे कमी मिळाले तरी चालेल, पण दुसऱ्या गटाहून जास्त मिळावे, याकडेही त्यांचा कल दिसला. ठिपक्यांवरून हे घडते, तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या आडनावांवरून काय घडत असेल? ज्ञातीच्या व्यासपीठावर हे बोलणे काहींना खटकेल. पण आपल्याहून अधिक हे कोणास लागू आहे?

आता या रोगावरील उपायाविषयी. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन पंडिताने १९५४ साली लिहिले, की समान दर्जा, समान ध्येय, परस्पर सहकार्य आणि अधिकाऱ्यांचा पाठिंबा असेल, तर सहवासाने पूर्वग्रह ओसरतात. ते वाचताना मला आपले साताराच दिसले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली तेथे वसतिगृह काढून जातिजातींची मुले एका छताखाली, एका पंगतीस आणि एकाच कष्टास आणली होती. ऑलपोर्टच्या ग्रंथाआधी तीस वर्षे!

त्या कन्येचा अर्ज यंदा पुन्हा आला आहे. आपल्या तालुक्यातील शाळांत मधल्या सुट्टीत कोणते मूल कोणाच्या डब्यात हात घालते, आणि आडनाव कळल्यावर त्यात फरक पडतो काय, हे तिला तपासावयाचे आहे. ती आपल्या घरांतूनही प्रश्न विचारावयास येणार आहे. काही सभासदांचा विरोध आहे तो त्यामुळेच, हे मी जाणतो. समितीची बैठक उद्या सकाळी आहे. माझे मत मी तिच्या बाजूने देणार आहे.