दाखला



११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा पदवीदान समारंभ झाला. सभागृहात दोन मराठी स्त्रिया होत्या. आनंदीबाई जोशी पदवी घ्यायला आल्या होत्या. एकविसावं वर्ष पूर्ण व्हायला वीस दिवस बाकी होते. पंडिता रमाबाई त्यांच्या कौतुकासाठी इंग्लंडहून आल्या होत्या. दोघींचाही शिक्षणाचा पाया घरातच घातला गेला होता. रमाबाईंना आई लक्ष्मीबाईंनी संस्कृत शिकवलं आणि लक्ष्मीबाईंना त्यांचे पती अनंतशास्त्री डोंगरे यांनी. आनंदीबाईंचे गुरू गोपाळराव, त्यांचे पती. त्यांच्या शिकवण्यातला धाक चरित्रांत नोंदलेला आहे. तो विसरून मी या जोडप्याचे गोडवे गाणार नाही.

मला विचार करावासा वाटतो तो वेगळ्या गोष्टीचा. कोणत्याही बोर्डाची परीक्षा न दिलेल्या अठरा वर्षांच्या मुलीला परक्या देशातल्या कॉलेजनं आत कसं घेतलं? आनंदीबाईंचा न्यू जर्सीतल्या श्रीमती कार्पेंटर यांच्याशी १८८० पासून पत्रव्यवहार होता. तीन वर्षं ती पत्रं समुद्रापलीकडे जात होती. पुढे कॉलेजकडे अर्ज केला तोही त्यांनी स्वतःच्या शब्दांत. म्हणजे घरात काय शिकून झालंय, हे घराबाहेरच्या माणसांनी वाचलेलं होतं. शाळेचा दाखला त्यांच्याकडे नव्हता, पण दाखला होता.

माझ्या मुलीनं सातवीनंतर शाळा सोडली. त्याची कारणं आज सांगत बसत नाही. ती तिची आहेत. आपल्याकडे अशा घरांबद्दल पहिला प्रश्न येतो, मूल शिकणार कसं? अनुभवानं सांगते, शिकण्याची काळजी फार लवकर मिटते. तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलं भुकेल्यासारखी वाचतात. खरा प्रश्न पुढे येतो : हे मूल शिकलंय, असं कोण म्हणणार? आईनं म्हटलेलं चालत नाही, आणि चालू नयेही.

शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. तो सहा ते चौदा वयाच्या मुलांचा. चौदा वर्षं पूर्ण झाली की कायद्याची सक्ती संपते आणि नेमक्या त्याच वयात बोर्डाची दारं दिसायला लागतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावी चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते. किमान पाच विषय घ्यायचे. नोंदणी पाच वर्षं टिकते आणि त्यात नऊ वेळा परीक्षेला बसता येतं. एका वेळी दोन विषय दिले तरी चालतं. राज्य मंडळाकडून जायचं तर आपला जुना सतरा नंबरचा फॉर्म आहेच.

इथे एक गोष्ट पालकांनी वहीत लिहून ठेवावी. दहावी आणि बारावी यांत दोन वर्षांचं अंतर लागतं. 'कशाला घाई' म्हणत आम्ही दहावी लांबवली असती, तर ती बरोबरीच्या मुलांच्या दोन वर्षं मागे पडली असती. म्हणून कॉलेजच्या दारापासून मागे मोजत यावं. वैद्यकीय शाखेकडे जायचं असेल तर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेतच. आयआयटी मनात असेल तर जेईई अॅडव्हान्स्डचा क्रमांक पुरत नाही. बारावीला पंचाहत्तर टक्के हवेत, किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या वीस पर्सेंटाइलमध्ये यावं लागतं. सोपे म्हणून निवडलेले विषय सतराव्या वर्षी भिंत होऊन समोर उभे राहतात.

२०१६ मध्ये मुंबईच्या एका मुलीची बातमी आपण सगळ्यांनी वाचली. तिनंही सातवीनंतर शाळा सोडली होती. दहावी-बारावी न देता, संगणक प्रोग्रॅमिंगच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमधल्या पदकांच्या बळावर ती अमेरिकेतल्या एमआयटीत गेली. बारावी नाही म्हणून आयआयटीचं दार बंद होतं. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटनं मात्र तिला आपलं म्हटलं. ती बातमी वाचून अनेक घरांना वाटलं, परीक्षा नकोतच. मला त्यात उलटं दिसतं. त्या मुलीला परक्यांनी, परक्या देशांत, पुन्हा पुन्हा तपासलं होतं. तिच्याकडे बारावीपेक्षा कडक दाखला होता. सर्वांना पदकं मिळणार नाहीत. म्हणून सर्वांच्या घरात बारावी हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता माझ्या चुकीकडे येते. पहिलं दीड वर्ष मी घरात शाळा भरवली. सकाळी नऊला गणित, अकराला इतिहास. लेक चौदाची झाली तेव्हा एकदा बीजगणिताची वही मिटून म्हणाली, "आई, तू विचारतेस तेव्हा मला येत असलेलंही येत नाही." त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या वयात मुलाला आई हवी असते, आणि मी तिची आई काढून घेऊन तिथे बाई बसवल्या होत्या.

मग मी खुर्ची सोडली. गणिताला ती शेजारच्या पेठेतल्या एका निवृत्त शिक्षकांकडे जाऊ लागली. आणि त्याच काळात तिनं टेकडीवरच्या झाडांच्या नोंदी सुरू केल्या. काटेसावर कोणत्या आठवड्यात फुलली, पांगाऱ्यावर कोणते पक्षी आले, बहावा यंदा किती उशिरा पिवळा झाला. पहिल्या वहीत माझी शुद्धलेखनाची दुरुस्ती आहे. आज ती पाहताना लाज वाटते. दुसऱ्या वहीपासून मात्र वनस्पतिशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकबाईंच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. त्या कौतुक फार करत नसत. समासात लिहीत, 'हे तू पाहिलंस की वाचलंस?' तीन वर्षं तिनं त्या एका प्रश्नाला उत्तर दिलं.

परीक्षेची तयारी वेगळी करावी लागली, हेही सांगायला हवं. शाळेबाहेरच्या मुलांना तीन तास सलग लिहायची सवय नसते. येत असून पेपर सुटतो. आम्ही दर रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर घड्याळ लावून जुन्या प्रश्नपत्रिका सोडवल्या. पहिल्या महिन्यात तिची बोटं आखडायची. प्रयोगांसाठी अभ्यासकेंद्रात तारखा सांभाळून जावं लागलं. विज्ञान घ्यायचं तर प्रयोगशाळा कुठे मिळेल, याची चौकशी पहिल्या वर्षीच करून ठेवा.

बारावी चांगल्या गुणांनी झाली, आणि तरी प्रवेशाच्या खिडकीवर अडलं. कारकुनांनी विचारलं, "शाळा सोडल्याचा दाखला?" आमच्याकडे होता तो सातवीचा. मुक्त विद्यालयाचं मायग्रेशन सर्टिफिकेट बदलीच्या दाखल्याचंही काम करतं, हे पटवायला चार खेपा झाल्या. राग आला होता. पण आमच्यासारखं प्रकरण त्या खिडकीवर पहिल्यांदाच आलं होतं. पुढच्या घराला दोनच खेपा पडाव्यात म्हणून मी हे इथे बोलते आहे : कागदांची फाईल तेराव्या वर्षी उघडा, आणि जुना दाखला जिवापाड जपा.

बीएस्सीच्या पहिल्या वर्षी तिला त्रासही झाला. साठ मुलांत बसणं, तास संपला म्हणून मधेच विचार थांबवणं. दिवाळीपर्यंत ती गप्प गप्प असायची. टेकडीवरच्या सहलीला वर्गातल्या दोघी-तिघींनी तिला झाडांची नावं विचारली, तेव्हा ती पहिल्यांदा घरी येऊन भरभरून बोलली.

तिच्या परवानगीनं त्या नोंदवह्या आज आणल्या आहेत. मागच्या टेबलावर चार आहेत, जाताना जरूर चाळा. एकूण पाच होत्या. पाचवी तिनं द्यायला नको म्हटलं.