धंद्याचें कर्ज कोणाचें?

नवा धंदा काढणारा गृहस्थ प्रथम जागा पाहतो, मग पाटीवरील नांव ठरवितो. मुहूर्त तर बहुधा आधींच काढलेला असतो. धंदा बुडाल्यास त्याचें कर्ज कोणीं फेडावयाचें, हा प्रश्न अशा वेळीं काढणें अनेकांस अभद्र वाटतें. परंतु धंद्याचें कायदेशीर रूप ठरविणें म्हणजे मुख्यतः याच प्रश्नाचें उत्तर देणें होय.

एकट्याच्या मालकीचा धंदा सर्वांत सोपा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकानें व आस्थापना कायद्याप्रमाणें थोडे नोकर असलेल्या दुकानदाराचें नोंदणीऐवजीं सूचना देऊन भागतें. मात्र कायदा मालक आणि दुकान यांत भेद मानीत नाहीं. दुकानाचें देणें तें मालकाचें देणें.

भागीदारींत गुंतागुंत वाढते. समजा, पुण्यांतील दोन स्नेही मसाल्याचा कारखाना काढीत आहेत. एकाजवळ भांडवल व स्वतःचें घर आहे, दुसऱ्याजवळ केवळ कसब. नफा निमानिम ठरला, तेव्हां तोटाही निम्माच अंगावर येईल, असा घरवाल्याचा समज असतो. तो चुकीचा आहे. १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्याचें २५ वें कलम प्रत्येक भागीदारास पेढीच्या कृत्यांबद्दल सर्वांबरोबर व एकट्यासही जबाबदार धरतें. मिरचीच्या व्यापाऱ्यास आपली सबंध रक्कम एकट्या घरवाल्याकडून वसूल करतां येते. मित्राचा वांटा मग त्यानें मित्राकडे मागावा, आणि मित्राजवळ तर देण्यासारखें कांहींच नाहीं!

पेढीची नोंदणी सक्तीची नाहीं, म्हणून पुष्कळ जण ती टाळतात. पुढें मोठी उधारी थकली म्हणजे ६९ वें कलम आडवें येतें. नोंदणी न केलेल्या पेढीस करारावरून गिऱ्हाइकावर दावा लावतां येत नाहीं. गिऱ्हाइकास मात्र पेढीवर लावतां येतो. थोड्या खर्चाची ही काटकसर फार महाग पडते.

धंदा आणि धनी यांची फारकत कायद्यानें किती पूर्ण मानली, हें लंडनमधील एका खटल्यांत दिसून आलें. आरॉन सॉलोमन हा बुटांचा कारखानदार. १८९२ सालीं त्यानें आपला चालता धंदा स्वतःच काढलेल्या कंपनीस विकला. तेव्हांच्या कायद्यास सात सभासद लागत, म्हणून पत्नी व पांच मुलें यांस एकेक शेअर दिला. उरलेले २०,००१ स्वतःकडे ठेविले. लवकरच कंपनी बुडाली. खालच्या न्यायालयांनीं सॉलोमन यासच कर्जाबद्दल जबाबदार धरलें. परंतु नोव्हेंबर १८९६ मध्यें हाउस ऑफ लॉर्ड्सनें तो निर्णय फिरविला. रीतसर नोंदलेली कंपनी ही भागधारकांहून वेगळी व्यक्ति आहे, आणि तिचें कर्ज तिचेंच. ज्या धनकोंचे पैसे बुडाले त्यांस हा न्याय कितपत रुचला असेल, हा प्रश्न निराळा.

हिंदुस्थानांत आज हें संरक्षण २०१३ च्या कंपनी कायद्याखालीं दोघांच्या खाजगी कंपनीस, किंबहुना एकट्याच्याही कंपनीस मिळतें. पण सभा, ठराव, हिशेबतपासणी हें सारें सांभाळावें लागतें. २००८ च्या कायद्यानें मधला मार्ग काढला. मर्यादित दायित्वाची भागीदारी, म्हणजेच एलएलपी, हिच्यांत एका भागीदाराच्या गैरकृत्याचा बोजा दुसऱ्याच्या घरावर येत नाहीं. दरसाल विवरणपत्रें भरावींच लागतात. मात्र उलाढाल ४० लाखांपर्यंत किंवा भांडवल २५ लाखांपर्यंत असल्यास हिशेबतपासणीची सक्ती नाहीं. मसाल्याच्या त्या कारखान्यास हेंच रूप शोभेल.

तरीही एक दार उघडें राहतें. धंद्यास कर्ज देतांना बँक बहुधा चालकांची वैयक्तिक हमी मागते. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणें, हमीपत्रांत निराळें कांहीं ठरलें नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. म्हणजे कायद्यानें घराभोवतीं घातलेलें कुंपण मालक एका सहीनें आपल्याच हातांनीं काढून टाकतो. घरवाल्या मित्रानें तें हमीपत्र सावकाश वाचावें, त्यांत रकमेची मर्यादा घालून मागावी, आणि घर पत्नीच्याही नांवावर असेल तर सहीच्या आदल्या दिवशीं नव्हे, धंद्याचा विचार सुरू होतांच तिला सर्व सांगावें.