जातांना साडेसात तास, येतांना साडेनऊ

दिल्लीहून टोकियोपर्यंतचा सरळ आकाशमार्ग सुमारें ५,९०० किलोमीटर भरतो. विमानाचा वेग तासाला ९०० किलोमीटर धरला, तर त्रैराशिकानें उत्तर साडेसहा तास येतें. प्रत्यक्षांत जातांना सुमारें साडेसात तास लागतात आणि परततांना नऊ-साडेनऊ. तिकिटावरच्या वेळा मात्र नेमकें उलट सांगतात! जपानचें घड्याळ भारताच्या साडेतीन तास पुढें असल्यामुळें जाण्याचा प्रवास अकरा तासांचा भासतो आणि येण्याचा जेमतेम सहांचा. घड्याळाचा हा चकवा वजा केला, तरी दोन तासांचा खरा फरक उरतोच.

पृथ्वी फिरते म्हणून असें होतें, हा समज पुष्कळांचा असतो. परंतु पृथ्वीबरोबर तिचें वातावरणही फिरतें, तेव्हां तें कारण टिकत नाहीं. सारी करामत वाऱ्याची आहे. उष्ण कटिबंधाकडील ऊबदार हवा व ध्रुवाकडील थंड हवा जेथें भिडतात, तेथें नऊ-दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान प्रवाह वाहतो. हिवाळ्यांत सैबेरियाची थंडी आणि प्रशांत महासागराची ऊब जपानच्या माथ्यावर समोरासमोर येतात. तेथें ह्या प्रवाहाला फार जोर चढतो.

हा वारा प्रथम मोजणाऱ्यांत वासाबुरो ओइशी ह्या जपानी शास्त्रज्ञाचें नांव अग्रभागीं आहे. टोकियोच्या ईशान्येस तातेनो येथील वेधशाळेंतून फुगे सोडून त्यांचा मार्ग ते दुर्बिणीनें टिपत. १९२४ च्या हिवाळ्यांत त्यांना तासाला सुमारें २५० किलोमीटर वेगाचा वारा आढळला. जगाला कळावें म्हणून त्यांनीं १९२६ सालीं आपला अहवाल एस्पेरांतो ह्या आंतरराष्ट्रीय भाषेंत छापला. सर्वांसाठीं निर्माण केलेली ती भाषा येत होती मात्र फारच थोड्यांना!

पुढें २४ नोव्हेंबर १९४४ रोजीं शंभरावर अमेरिकन बी-२९ विमानें टोकियोजवळील एका विमान-कारखान्यावर चालून गेलीं. त्या उंचीवर पाठीमागच्या वाऱ्यानें त्यांना असें लोटलें, कीं नेम धरणें कठीण झालें. ढगही आडवे आले. मुख्य लक्ष्यावर बाँब टाकणें अवघ्या २४ विमानांना साधलें. उंचावरून नेम लागत नाहीं हें वारंवार दिसल्यावर, रात्रीं कमी उंचीवरून आगीचे बाँब टाकण्याचा मार्ग स्वीकारला गेला. ९-१० मार्च १९४५ च्या एका रात्रींत टोकियोचीं सुमारें एक लाख माणसें मेलीं. त्या निर्णयाला इतर कारणेंही होतीं. लांकडी घरांची दाट वस्ती हें त्यांतलें एक. तरी वाऱ्याचा वाटा लहान नव्हता.

आज विमानाचा मार्ग आंखणारे रोज ह्याच वाऱ्याचा नकाशा पुढें ठेवतात. जातांना प्रवाहांत शिरावयाचें, येतांना तो शक्य तितका चुकवावयाचा, मग वाट थोडी लांबली तरी चालेल. परतीला इंधनही अधिक भरावें लागतें. ऑगस्टांत हा प्रवाह मंदावतो व उत्तरेकडे सरकतो. तेव्हां जाण्यायेण्याच्या वेळांतील फरकही बराच घटतो.