धरणाची थैली कोणाच्या हाती?

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आज नाईल नदीबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, कपाशीला भाव नाही, ज्वारीला भाव नाही, आणि हा माणूस आफ्रिकेची नदी कशाला घेऊन बसला? तर ऐका. नाईलच्या काठी इजिप्तचा शेतकरी कापूस पिकवतो, सुदानचा शेतकरी कापूस आणि ज्वारी पिकवतो. पिके आपलीच. भांडणही आपल्या ओळखीचे. वरच्याने नाला अडवला की खालचा काठी घेऊन बांधावर येतो. तिथे नाला म्हणजे नाईल आणि बांधाच्या दोन्ही बाजूंना उभे आहेत ते देश.

आधी पाण्याचा हिशेब. इजिप्तच्या आस्वानला जे पाणी पोहोचते, त्यातले सुमारे ८५ टक्के इथिओपियाच्या डोंगरातून येते. १९५९ साली इजिप्त आणि सुदान या दोघांनी करार केला. वर्षाचे ८४ अब्ज घनमीटर पाणी धरले. इजिप्तला ५५.५, सुदानला १८.५, बाकीचे १० बाष्पीभवनाच्या खाती. इथिओपियाला साधे विचारलेही नाही. पाऊस ज्याच्या शेतात पडतो, त्याचेच नाव सातबाऱ्यावर नाही!

आता पैशाचा हिशेब. इजिप्तला आस्वानचे उंच धरण बांधायचे होते. १९५५ च्या डिसेंबरात अमेरिका, ब्रिटन आणि जागतिक बँक मदतीला तयार झाले. बँकेचे कर्ज २० कोटी डॉलरचे. अट अशी की पाण्याबाबत सुदानशी समझोता करा. पण त्याच वर्षी इजिप्तने कापूस देऊन चेकोस्लोव्हाकियाकडून शस्त्रे घेतली होती. अमेरिका म्हणू लागली, यांचा कापूस तर आधीच गहाण पडला, कर्ज कशातून फेडणार? तिथल्या कापूस पिकवणाऱ्या राज्यांचे प्रतिनिधीही विरोधात होते. इजिप्तला पाणी मिळाले तर बाजारात त्यांचा कापूस वाढेल, ही त्यांना धास्ती. म्हणजे धरण नदीचे, आणि निर्णयात वजन पडले कापसाचे!

१९ जुलै १९५६ ला अमेरिकेने हात आखडला. त्याबरोबर बँकेचे कर्जही गेले. २६ जुलैला नासर यांनी सुएझ कालवा सरकारजमा केला. शरद ऋतूत युद्ध पेटले. पुढे पैसा सोव्हिएत रशियाने दिला, १९६० ला काम सुरू झाले आणि १९७० ला पुरे झाले. एका सावकाराने दार लावले, दुसऱ्याने उघडले. दोघांचाही आपापला डाव होता.

आता वरच्या शेतकऱ्याकडे, म्हणजे इथिओपियाकडे वळू. १९५८ ते १९६४ या काळात अमेरिकी अभियंत्यांनी निळ्या नाईलवर धरणाच्या जागा पाहून ठेवल्या. कागद झाले, पैसा आला नाही. नदी अनेक देशांची असेल तर जागतिक बँक इतर देशांना कळवल्याशिवाय कर्जाचे काम पुढे नेत नाही. समोरच्याने हरकत घेतली म्हणजे कर्ज बंदच, असे नियम सांगत नाही. पण भांडणाच्या जमिनीवर कोणता सावकार पैसा लावतो? इजिप्तची हरकत होती, आणि तेवढ्याने थैलीचे तोंड बंद राहिले.

शेवटी इथिओपियाने २ एप्रिल २०११ ला स्वतःच्या बळावर पाया घातला. लोकांना रोखे विकले. सरकारी नोकरांनी महिन्याचा पगार दिला. २०२० च्या फेब्रुवारीत वॉशिंग्टनला अमेरिकेचे अर्थखाते आणि जागतिक बँक यांच्या समोर बोलणी चालली होती. शेवटच्या बैठकीला इथिओपिया गेला नाही. त्याच वर्षी अमेरिकेने काही मदत थांबवली. तरी जुलैत धरणात पाणी साठू लागले होते, आणि ९ सप्टेंबर २०२५ ला उद्घाटन झाले. साठा ७४ अब्ज घनमीटर. आपल्या मापात सुमारे २,६०० टीएमसी, म्हणजे पंचवीस जायकवाड्या!

मग इथिओपिया जिंकला का? एवढे सोपे नाही. धरण विजेचे आहे. पाणी टर्बाइनमधून खाली जातेच. खरा प्रश्न दुष्काळाचा आहे. लागोपाठ दोन-तीन वर्षे पाऊस गेला तर वरच्याने किती सोडायचे? उद्घाटनाच्या दिवशीही याचा बंधनकारक करार झालेला नव्हता. इजिप्तने इतकी वर्षे थैलीच्या दोरीवर भिस्त ठेवली. दोरी तुटली, तेव्हा हातात करार नव्हता. इथिओपियाने पैसा उभा केला, पण शेजाऱ्याचा विश्वास रोख्यांवर मिळत नाही.

आपल्याकडेही रोखे निघालेच की. बच्छावत लवादाने कृष्णेचे ५६० टीएमसी पाणी महाराष्ट्राला दिले. २००० सालापूर्वी ते अडवायची घाई झाली. १९९६ ला कृष्णा खोरे विकास महामंडळ काढले आणि बाजारात रोखे विकले. भिंतींना पैसा लागला. पण शेतापर्यंत पाणी नेणाऱ्या चाऱ्या किती ठिकाणी मागे राहिल्या, ते लाभक्षेत्राच्या कागदावर नाव असलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याला विचारा.

म्हणून मित्रहो, पैसा परदेशी की देशी, एवढ्यावर टाळ्या वाजवू नका. परदेशी म्हणून वाईट नाही आणि स्वदेशी म्हणून पवित्र नाही. उद्या तुमच्या तालुक्यात प्रकल्पाची घोषणा झाली तर तीन प्रश्न उभे राहून विचारा. पैसा कोणाचा, आणि त्याच्या अटी मराठीत छापून गावात लावणार का? खालच्या गावांशी आणि वरच्या गावांशी बोलणी झाली का? आणि दुष्काळाच्या वर्षी कोणाला किती पाणी, हे लिहून ठेवले आहे का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नसेल तर बाकीचे आकडे कितीही मोठे असोत, सही करू नका. चांगल्या पावसात वाटणी कोणालाही करता येते. कोरडवाहू शेतकऱ्याला करार लागतो तो पाऊस न पडलेल्या वर्षासाठी.